आतली चिठ्ठी

उत्खननावरचे सगळे त्यांना टोकदार म्हणत. त्याला दोन कारणं होती. कानावर खोवलेल्या पेन्सिलीला ते दर अर्ध्या तासाने टोक काढत, हे एक. आणि दिसेल त्याला टोकत, हे दुसरं. कुणी चराच्या काठावर पाय सोडून बसलं की टोकत, कारण काठ ढासळतो आणि वरची माती खालच्या मातीत मिसळते. कुणी खापराचा तुकडा आधी उचलला आणि मग सापडल्याची जागा दाखवली, तरी टोकत. चराबाहेर मात्र हा माणूस तोंडातून अवाक्षर काढत नसे. दुकानदाराने शिळा पाव पुढे केला तरी मुकाट्याने पिशवीत टाकून घरी येई.

त्यांचं काम नोंदीचं. माती एकदा उपसली की ती होती तशी परत रचता येत नाही. कुठली वस्तू कुठल्या थरात होती, किती खोल होती, भोवतीची माती मऊ होती की घट्ट, राखेची होती की चिकण, हे वहीत उतरलं तर उरलं, नाही तर गेलं. एकतीस वर्षं टोकदार हे उतरवून घेत होते. त्या नोंदींच्या बत्तीस वह्या झाल्या होत्या. एका वर्षी दोन लागल्या. चूक झाली तर ते खोडत नसत. चुकलेल्या शब्दावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर शब्द आणि खाली बारीक सही. चूकसुद्धा नोंदच असते, ती पुसायची नसते, असं ते नव्या मुलांना सांगत.

दुसरा नियम दोन चिठ्ठ्यांचा. सापडलेली वस्तू पिशवीत गेली की एक चिठ्ठी बाहेर दोऱ्याने बांधायची आणि तोच मजकूर लिहिलेली दुसरी घडी करून आत ठेवायची. बाहेरची भिजते, फाटते, उंदीर कुरतडतात. आतली राहते. लिहायचं पेन्सिलीने, कारण शाई फुटते. आतली चिठ्ठी आजवर कुणी उघडून वाचल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि याची त्यांना थोडी खंत होती.

टोकदारांकडे पदवी नव्हती. कुठल्याही अहवालावर त्यांचं नाव नव्हतं. आता निवृत्तीला चार महिने उरले होते आणि मनात एकच इच्छा होती, तीही त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती. आपल्या बत्तीस वह्या नोंदकक्षातल्या संदर्भाच्या कपाटात जाव्यात. त्या कपाटातल्या नोंदींवर पुढचे लोक डोळे मिटून विश्वास ठेवत. कुठली वही तिथे जाणार हे तपासणीला येणारे बाहेरचे तज्ज्ञ ठरवत, आणि यंदाची तपासणी दहा दिवसांवर आली होती.

उत्खननाचा प्रमुख त्यांचा जावईच होता. अकरा वर्षांपूर्वी तो विद्यार्थी म्हणून आला, तेव्हा त्याला थापी कुठल्या बाजूने धरायची हेही ठाऊक नव्हतं. माती चिमटीत चुरडून थर ओळखायला टोकदारांनीच शिकवलं. तेव्हा तो त्यांना सर म्हणे. पुढे त्याचं त्यांच्या लेकीशी लग्न झालं आणि सरांचे मामा झाले. मग त्याच्या पदव्या झाल्या, साहेबाची खुर्ची मिळाली, आणि कामावर मामांचे ‘आमचे टोकदार’ झाले. बायको गेल्यापासून टोकदार लेकीकडेच राहत होते, मागच्या खोलीत, एका खाटेवर आणि तीन फळ्या पुस्तकांत.

जावयाला विनोदाची हौस होती. पाहुणे आले की तो टोकदारांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, “ही आमची इथे सापडलेली सगळ्यांत जुनी वस्तू. थर पहिला, अवस्था बरी.” पाहुणे हसत. टोकदारही हसत. पहिला थर सगळ्यांत वरचा, म्हणजे सगळ्यांत नवा, तेव्हा विनोद मुळातच चुकलाय, हे दर वेळी त्यांच्या ओठांवर येई. पण चराबाहेर ते टोकत नसत.

मणी सापडला तो तिसऱ्या चरात, सकाळी दहाच्या सुमारास. मुकादम स्वतः खाली उतरून थापीने खरवडत होता. तो थांबला आणि न उचलता बोट दाखवून म्हणाला, “टोकदार, या. माती भुसभुशीत लागतेय.” टोकदार गुडघे टेकून वाकले. शर्टाच्या बटणाहून लहान, निळा, काचेचा मणी होता. खोली पाचव्या थराची, आणि पाचव्या थराच्या काळी इथे कुणाला काच ठाऊक नव्हती, असंच आजवर सगळे मानत आले होते. हा मणी खरोखर पाचव्या थरातला ठरला असता तर आधीचे पाचपन्नास लेख रद्दीत गेले असते.

पण टोकदारांचा डोळा मण्यावर नव्हता. मण्याभोवतीची माती काळसर होती, तिच्यात राख होती, आणि तो काळा डाग दोन वितींचा गोल धरून चराच्या भिंतीत वर वर चढत गेला होता, थेट तिसऱ्या थरापर्यंत. म्हणजे हा खड्डा होता. तिसऱ्या थराच्या काळातल्या कुणीतरी कचरा टाकायला तो खणला आणि त्याचा तळ पाचव्या थरात घुसला. त्यांनी मुकादमाला समजावलं की आज कुणी अंगणात खोल खड्डा खणून बाटली पुरली, तर ती पणजोबांच्या काळच्या मातीत जाऊन पडेल, पण म्हणून ती पणजोबांची होत नाही. मुकादम म्हणाला, पणजोबांना विचारून बघायला हवं. मग दोघेही हसले, आणि टोकदारांनी वहीत लिहिलं: थर ३, खड्डा ७, खोली एक मीटर बेचाळीस, निळा काचेचा मणी, नग एक. भिंतीच्या रेखाटनात खड्ड्याची वाटीसारखी रेघ काढली. मणी पिशवीत घातला. एक चिठ्ठी आत, एक बाहेर.

जावई दुपारी आला. त्याने मणी उजेडात धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मग विचारलं, पाचव्या थराच्या पातळीवर होता ना? टोकदार म्हणाले, पातळी पाचव्याची, खड्डा तिसऱ्याचा. तो म्हणाला, पण पातळी पाचव्याची. टोकदारांनी पुन्हा खड्ड्याचं सांगितलं. जावयाने मान हलवली, जणू पटलं.

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले तेव्हा तिसऱ्या चराची ती भिंत दीड हात मागे सरकलेली होती. तासून गुळगुळीत केलेली, थर इस्त्री केल्यासारखे सरळ. काळ्या डागाचा मागमूस नव्हता. मुकादम त्यांच्याकडे न बघता म्हणाला, भिंत वाकडी होती म्हणून साहेबांनी सरळ करून घेतली. टोकदार कितीतरी वेळ त्या भिंतीसमोर उभे राहिले. आता खड्डा सात जगात फक्त एका जागी उरला होता, त्यांच्या नोंदीत.

आठवड्याभराने त्या नोंदीसाठी लेक आली. ती नोंदकक्षातच कामाला होती, कपाटांच्या किल्ल्या तिच्याकडे असत. टोकदार पत्र्याच्या शेडमध्ये खापरांवर क्रमांक घालत बसले होते. आत येऊन तिने दार लोटलं आणि धुवायच्या घमेल्याशेजारच्या स्टुलावर बसली. तपासणीत मणी पाचव्यात दिसला नाही तर काम पुढच्या वर्षी बंद होईल, नवऱ्याची खुर्ची जाईल, असं तिने सांगितलं. तो आठ दिवसांत तिच्याशी धड बोललेला नव्हता. जेवताना ताट सरकवून उठत होता. काल मित्र आले होते, तर त्यांच्यासमोर त्याने तिची ओळख करून दिली ‘टोकदारांचा नग, थर दुसरा’ अशी, आणि ते गेल्यावर म्हणाला होता की तुला आणि तुझ्या बापाला एकाच पिशवीत घालून, वर चिठ्ठी बांधून पाठवून देतो.

टोकदारांनी विचारलं, “कुठे?”

“ते नाही सांगितलं,” ती म्हणाली. मग तिने हातातला रुमाल गुडघ्यावर नीट पसरला. “बाबा, एक आकडा तर आहे. तिनाचा पाच करायचाय. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही.”

हे खरं होतं. लहानपणीसुद्धा तिने काही मागितलं नव्हतं; बाप सुट्टीच्या दिवशीही चरात असायचा, मागणार कधी?

टोकदारांकडे खोडरबर नव्हता. तोही तिच्याकडून घ्यावा लागला. त्यांनी आधी वही घेतली, मग नगांची यादी, मग रेखाटन, मग बाहेरची चिठ्ठी. तीन खोडून पाच, खड्डा सात खोडून मोकळी जागा. रेखाटनातली वाटीसारखी रेघ पुसताना कागदाला बारीक लव आली. रबराचा भुगा त्यांनी फुंकला आणि पुन्हा फुंकला, तरी वहीच्या शिवणीत थोडा राहिला. शेवटी पिशवीचा दोरा सोडून त्यांनी आत दोन बोटं घातली. घडी केलेली आतली चिठ्ठी बोटांना लागली. ती त्यांनी बाहेर काढली नाही. एक जागा तरी खरी राहू दे, असं त्यांना वाटलं. उघडतंय कोण? त्यांनी दोरा परत बांधला आणि तिला सांगितलं, झालं.

ती उठली. दारापाशी जाऊन म्हणाली, “रबर राहू दे तुमच्याकडे.”

तपासणीला ज्या बाई आल्या त्या साठीच्या, जाडजूड, गळ्यात दोरीला चष्मा बांधलेल्या. त्या फारसं बोलत नसत. दोन दिवस त्या नोंदकक्षात टोकदारांच्या जुन्या वह्या वाचत बसल्या. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी टोकदारांना बोलावून घेतलं आणि एकोणिसाव्या वहीतलं एक पान दाखवलं. तिथे टोकदारांनी एका खापरापुढे ‘बोटाचा ठसं’ असं लिहून ‘ठसं’वर आडवी रेघ मारली होती आणि ‘ठसा’ केलं होतं, खाली सही होती. बाई म्हणाल्या, एवढ्याशा चुकीखाली सही करणारा माणूस त्यांनी उभ्या कारकिर्दीत पाहिला नव्हता, आणि या वह्या संदर्भाच्या कपाटात गेल्याच पाहिजेत. हातांचं काय करावं हे टोकदारांना कळेना. त्यांनी पेन्सिल कानावरून काढली आणि परत कानावर ठेवली.

तपासणीसाठी मणी सगळ्यांत शेवटी बाहेर काढला. नोंदकक्षात बाई होत्या, जावई होता, कपाटापाशी किल्ल्या घेऊन लेक उभी होती, टोकदार भिंतीला लागून उभे होते, आणि काही लागलं तर म्हणून मुकादम दारात होता. जावई त्या दिवशी फार चांगलं बोलला. मग त्याने पिशवीचा दोरा सोडला आणि बाईंच्या तळहातावर पिशवी हलकेच उलटी केली. मणी पडला आणि त्याच्या मागोमाग चिठ्ठी.

बाईंनी मणी बाजूला ठेवला. “मी आधी आतली वाचते,” त्या म्हणाल्या. “एका म्हाताऱ्या नोंदवाल्याने लावलेली सवय.”

त्यांनी घडी उलगडली. चष्मा चढवला. वाचलं, बाहेरची वाचली, मग वही मागवून ते पान खिडकीकडे तिरपं धरलं. पत्र्यावर कसला तरी पक्षी चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता.

“आत थर तीन, खड्डा सात,” बाई म्हणाल्या. “बाहेर थर पाच. आणि इथे खोडलंय.”

जावयाचा चेहरा पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं. तो हसला. टोकदारांकडे वळून त्याने कामावर कित्येक वर्षांत न वापरलेली हाक वापरली. “मामा, दोन्हीकडे अक्षर तुमचंच ना? मग खरं कुठलं ते तुम्हीच सांगा.”

टोकदारांनी लेकीकडे पाहिलं. तिची मान डावीकडून उजवीकडे हलली, इतकी थोडी की मोजायची म्हटली तर पट्टी लागली असती. किल्ल्यांचा जुडगा तिने मुठीत घट्ट धरला होता, वाजू नये म्हणून.

“आतली चुकीची आहे,” टोकदार म्हणाले. “तीन चुकून लिहिलं. नंतर दुरुस्त केलं. आतली राहून गेली.”

“आणि खड्डा सात?” बाईंनी विचारलं. “तोही चुकून?”

“तोही.”

बाईंनी ते पान पुन्हा खिडकीकडे धरलं. नसलेला खड्डा, त्याला क्रमांक, हे कुणाच्या हातून चुकून होत नाही, हे त्यांना ठाऊक असणारच. त्यांनी मुकादमाला विचारलं, तिथे माती वेगळी होती का? मुकादमाने डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, टोकदार लिहितात तेच आमचं. ज्या भिंतीवर बघता आलं असतं ती भिंत दीड हात मागे गेली होती. उरला होता टोकदारांचा शब्द, आणि तो त्यांनी आत्ताच दिला होता.

इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. एक चूक, म्हातारा माणूस, विषय संपला. पण बाईंच्या चेहऱ्यावर शंका होती, आणि शंका म्हणजे मण्याला धोका. जावई खुर्ची ओढून बसला आणि आवाज खाली आणून, आजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलू लागला. “काय आहे, वय झालंय. नजर राहिली नाही, विसर पडतो. घरचे म्हणून आम्ही सांभाळून घेतो. वर्षभर मी स्वतः त्यांची प्रत्येक नोंद तपासतोय, म्हणून तर हा आकडा दुरुस्त झाला.”

त्याने आजवर एकही नोंद तपासली नव्हती.

“वर्षभर,” बाई म्हणाल्या. “आणि त्याआधीच्या?”

जावयाने खांदे उडवले. “त्याआधीच्या कुणी तपासलेल्या नाहीत.”

बाईंनी टोकदारांना विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का? त्यांनी ते दोनदा विचारलं आणि दुसऱ्यांदा जरा थांबून वाट पाहिली. टोकदार म्हणाले, नाही. मग बाईंनी चष्मा उतरवून दोरीवर सोडला. मणी पाचव्या थराचा म्हणून त्या लगेच मान्य करणार नव्हत्या, पण शक्यता मोठी होती. काम आणखी एक वर्ष चालू ठेवावं, शेजारी नवा चर घ्यावा, असं त्या लिहिणार होत्या. नोंदीला नवा माणूस हवा. वह्यांचं म्हणाल तर, सही केलेल्या चुका त्यांना चालल्या असत्या, खोडलेल्या नाही. या बत्तीस वह्या संदर्भाच्या कपाटात घेता येणार नाहीत. त्या नोंदकक्षाच्या मागच्या खोलीत ठेवाव्यात, आणि प्रत्येक वहीवर चिठ्ठी लावावी: पडताळणीशिवाय वापरू नये.

टोकदारांच्या मनात आलं की ज्याची माती उपसून फेकलीय त्याची पडताळणी कशी करतात? हे टोकण्याजोगं होतं. पण हा चर नव्हता.

चिठ्ठ्या लावायचं काम अर्थातच लेकीकडे आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी टोकदार वह्या उचलून द्यायला म्हणून नोंदकक्षात गेले. जावई सकाळपासून खुशीत होता, घरातून निघताना त्याने शीळ घातली होती आणि नाश्त्याला त्यांची खुर्ची स्वतः मागे ओढून दिली होती. लेक टेबलाशी बसून कागदाच्या पट्ट्या कापत होती. तिने वर पाहिलं नाही.

“तुम्ही ती मुद्दाम ठेवलीत,” ती म्हणाली.

“हो.”

“त्याला बुडवायला?”

टोकदार म्हणाले, तसं नाही. एक जागा खरी राहावी असं वाटलं, हे त्या खोलीत, कात्रीच्या आवाजात, त्यांनाच पोरकट वाटू लागलं. कुणी उघडेल असं वाटलं नव्हतं, एवढंच ते पुटपुटले.

“मला झालं म्हणून सांगितलंत,” ती म्हणाली. “मी त्याला झालं म्हणून सांगितलं. काल चिठ्ठी पडली तेव्हा त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही नाही बघितलंत ते.” तिने एक पट्टी कापली, दुसऱ्या पट्टीवर ठेवून मापली. “म्हणजे तो काल खोटं नाहीच बोलला. तुमच्या नोंदीवर विश्वास नाहीच ठेवता येत.”

टोकदार वह्यांचा पहिला गठ्ठा टेबलावर ठेवत होते. त्यांनी तो नीट, कोपरे जुळवून ठेवला.

तिने बॉलपेन उघडलं. टोकदार म्हणाले, पेनने नको, शाई फुटते. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी पुढे केली, आधी टोक बघून. तिने ती घेतली आणि एकेक चिठ्ठी लिहून वह्यांना दोऱ्याने बांधत गेली. बत्तीसही झाल्यावर तिने वह्या ठेवायच्या पेटीचं झाकण ओढलं.

“आतल्या?” टोकदार म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनाही आपण काय बोलून बसलो ते बोलल्यावर कळलं, पण एकतीस वर्षांची जीभ. तिने उरलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा आणि पेन्सिल त्यांच्यापुढे सरकवली. “तुम्हीच लिहा,” ती म्हणाली. “तुमचं अक्षर चांगलं आहे.”

टोकदार बसले आणि लिहू लागले. पडताळणीशिवाय वापरू नये. घडी करून पहिल्या वहीत. पडताळणीशिवाय वापरू नये. घडी करून दुसऱ्या वहीत. मधे दोनदा टोक काढावं लागलं. बत्तिसावी वही उघडली तेव्हा ती त्या पानावर आपोआप उघडली, कारण शिवणीत रबराचा भुगा होता. पट्टी समोर कोरी होती. तिच्यावर थर तीन, खड्डा सात, एवढंच मावलं असतं आणि पुन्हा कुणी कधी उघडलंही नसतं. लेक त्यांच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली होती. त्यांनी इतर एकतीस ठिकाणी लिहिलं तेच लिहिलं.

ती चिठ्ठी तिने घडी होण्याआधी त्यांच्या हातून घेतली आणि बाहेरच्या चिठ्ठीशेजारी धरून पाहिली. दोन्ही जुळत होत्या.